कला म्हणजे काय, हे ठरेपर्यंत चित्र थांबवावे का?

पत्र

आदरणीय ताई,

मी कोल्हापुरात चित्रकलेच्या पदविका अभ्यासक्रमाला तिसऱ्या वर्षात शिकते. संध्याकाळी एका फ्लेक्स छपाईच्या दुकानात डिझाइनचे काम करते. वाढदिवसाचे, निवडीचे आणि तालीम मंडळांचे बोर्ड असतात. रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर जाऊन जलरंगात निसर्गचित्रे करत असे. दोनेक महिन्यांपूर्वी सरांनी ‘कला म्हणजे काय’ या विषयावर दोन पाने लिहून आणायला सांगितली. त्याच आठवड्यात वर्गात १९१७ सालचे मूत्रपात्राचे ते प्रसिद्ध प्रकरण (मार्सेल द्युशाँ याने बाजारातले तयार मूत्रपात्र शिल्प म्हणून प्रदर्शनाला पाठवले, ते) शिकवले आणि माझा गोंधळ वाढला. ‘मनातील भावना व्यक्त करणे म्हणजे कला’ असे लिहिले आणि फाडले. ‘सौंदर्याची निर्मिती म्हणजे कला’ असे लिहिले, तेही फाडले. मैत्रीण म्हणते, आता मशीनसुद्धा मिनिटभरात चित्र काढते, तू कशाला डोके शिणवतेस? तेव्हापासून ब्रश हातात घेतला की वाटते, मी करते आहे ती कला आहे का? दुकानात करते ती तर नक्कीच नाही. वडील म्हणतात, ज्याचे चार पैसे मिळतात तेच खरे काम. पाने अजून दिलेली नाहीत आणि घाटावर जाणेही बंद आहे. शेवटच्या वर्षी दुकान सोडावे का? सोबत तीन कामांचे फोटो पाठवत आहे.

– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला प्रश्न कला म्हणजे काय, हा आहे आणि त्यावर जगभरातल्या विचारवंतांनी आयुष्ये खर्ची घातली आहेत. दुसरा प्रश्न तू थेट विचारलेला नाहीस, पण तो प्रत्येक ओळीमागे उभा आहे: मी जे करते त्याची गणती कशात होते? पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळेल, असे गृहीत धरून तू ब्रश खाली ठेवला आहेस. माझ्या मते ते गृहीतक चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे सांगण्यासाठी पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तू तो मनापासून विचारला आहेस आणि त्याला ‘सगळे सापेक्ष असते’ असे म्हणून वाटेला लावणे मला बरे वाटत नाही.

व्याख्या कुणाला हवी असते, ते आधी पाहू. १९२६ साली कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. उंच, निमुळते, आरशासारखे घासून चकाकवलेले. त्याला ना पंख, ना चोच, ना पिसे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कलाकृतीवर आयात कर नव्हता. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी मात्र ही वस्तू कलाकृती मानण्यास नकार दिला, तिला स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयाचे साहित्य यांच्या वर्गात टाकले आणि चाळीस टक्के कर लावला. प्रकरण न्यायालयात गेले. पक्ष्यासारखे दिसत नाही त्याला पक्षी कसे म्हणायचे, एखादा कुशल कारागीर धातू घासून हेच बनवू शकणार नाही काय, असे प्रश्न साक्षीदारांना विचारले गेले. जेकब एपस्टाइन या शिल्पकाराने दिलेल्या साक्षीचा आशय असा होता की कारागीर ते चकाकवू शकेल, पण ते त्याला सुचणार नाही. १९२८ साली निकाल ब्रांकुशींच्या बाजूने लागला. निसर्गातील वस्तूंची नक्कल करण्याऐवजी अमूर्त कल्पना मांडणारी एक नवी कलाशाखा उदयाला आली आहे आणि न्यायालयाला ती पटो वा न पटो, तिचे अस्तित्व ध्यानात घ्यावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले.

या खटल्यात व्याख्येची निकड कस्टम खात्याला होती, कारण त्यांना कर घ्यायचा की नाही ते ठरवायचे होते. ब्रांकुशींना शिल्प घडवताना तिची गरज पडलेली नव्हती. प्रदर्शनाच्या निवड समितीला व्याख्या लागते, अभ्यासक्रम आखणाऱ्यांना लागते, अनुदान देणाऱ्यांना लागते, आणि त्यांची ती गरज खोटी नाही. तुझ्या सरांनाही ती हवी आहे, पण वेगळ्या कारणाने. विद्यार्थ्याने आपल्या कामाकडे थोडे लांबून पाहावे एवढाच त्यांचा हेतू असणार. त्या दोन पानांचा धसका घेऊन विद्यार्थिनी चित्रच बंद करील, असे त्यांच्या मनातही आले नसेल.

तू फाडून टाकलेली पहिली व्याख्या काही टाकाऊ नव्हती. टॉलस्टॉय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळपास हेच म्हटले होते: स्वतः अनुभवलेली भावना बाह्य खुणांच्या साहाय्याने, जाणीवपूर्वक दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे आणि दुसऱ्याला तिची लागण होणे म्हणजे कला. यातले ‘जाणीवपूर्वक’ आणि ‘दुसऱ्यापर्यंत’ हे भाग तुझ्या वाक्यात नव्हते, म्हणून ते तुला पोकळ वाटले असावे. नुसती भावना व्यक्त करणे तर रडणारे मूलही करते. पण टॉलस्टॉय यांचे पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. त्यांनी ही कसोटी अत्यंत प्रामाणिकपणे लावत नेली आणि तिच्यात बीथोव्हेनची नववी सिंफनी बसेना, म्हणून ती बाद केली. मग स्वतःच्या थोर कादंबऱ्याही बसेनात, तेव्हा दोन साध्या गोष्टी वगळता आपले सारे ललित लेखन त्यांनी वाईट कलेच्या खात्यात टाकले. व्याख्या इतकी घट्ट आवळली की तिने कर्त्याचे कामच गिळले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, परंतु त्या कादंबऱ्या हाती असताना ती व्याख्या स्वीकारणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

मॉरिस वाइट्झ या तत्त्वज्ञाने १९५६ साली यावर एक समंजस भूमिका मांडली. कलेचा स्वभावच असा आहे की ती सतत नवे रूप घेते. म्हणून सर्व कलाकृतींत असलेला आणि इतर कशातही नसलेला एक गुण शोधत बसण्यात अर्थ नाही, ही संकल्पना उघडीच राहणार. याचा अर्थ काहीही कला आहे, असा मात्र होत नाही, आणि इथे मी तुझ्या पिढीतल्या अनेकांशी असहमत आहे. प्रत्येक गोष्टीला कला म्हणायचे ठरवले की चांगल्या आणि वाईट कामातला फरक सांगण्याची जबाबदारी संपते, आणि शिकणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांची रीत मला या बाबतीत अधिक उपयोगी वाटते. चौसष्ट कलांच्या यादीत गायन आणि आलेख्य म्हणजे चित्रकला यांच्या पंक्तीला फुलांच्या माळा गुंफणे, स्वयंपाक आणि सुतारकामही बसलेले आहे. तिथे कला आणि कारागिरी यांत भिंत नाही. भरतमुनींनी तर नाट्य म्हणजे काय याच्या व्याख्येत न अडकता रस कसा निष्पन्न होतो, असा प्रश्न घेतला आणि विभाव (भाव जागवणारी कारणे), अनुभाव (त्या भावाच्या बाह्य खुणा) व व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे भाव) यांच्या संयोगातून तो होतो, असे उत्तर दिले. निरनिराळे मसाले आणि पदार्थ एकत्र आल्यावर जशी चव तयार होते तसे, हा दाखला त्यांचाच. हा करणाऱ्याने विचारायचा प्रश्न आहे. अमुक काम कला आहे की नाही, याने रंगमंचावरच्या नटाला काही मदत होत नाही. अमुक प्रसंगात रस का उभा राहिला नाही, याने होते.

म्हणून तुझ्या तीन कामांना मी तोच प्रश्न लावून पाहिला.

घाटाचे चित्र मी बराच वेळ पाहिले. वरचा मोठा भाग आकाशाचा आहे, डावीकडे दीपमाळ, मागे शिवाजी पुलाच्या कमानी, खाली पायऱ्या. दीपमाळ आणि कमानी हातखंड्याने उतरल्या आहेत. अशी चित्रे तू अनेक पाहिली असणार आणि हाताने ती आठवणीतून काढली. पाणी आकाशाच्याच निळ्या रंगाचे आहे. पंचगंगेचे पाणी घाटाजवळ सकाळी असे निळे कधी दिसते का? ते बहुधा हिरवट असते, कडेला पायऱ्यांचा काळपट रंग त्यात उतरलेला असतो, आणि पावसाळ्यात तर लालसर गढूळ होते. पाणी निळे असते हे तुला ठाऊक होते, तेवढेच तू रंगवलेस. पण खालून दुसऱ्या पायरीकडे ये. तिथे पाण्याची रेघ नुकतीच ओसरली आहे, दगडाचा अर्धा भाग ओला आहे. त्या ओल्या भागासाठी तू गडद करडा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिलास, त्याच्या वरच्या कडेला बोटभर लांबीचा कागद कोरा राखलास, आणि कोरड्या ब्रशचा एकच फटका ओढून तो खरखरीत दगडात मिसळून दिलास. दगडावरून पाणी नुकतेच उतरले आहे, हे त्या एवढ्याशा जागेत दिसते. ते तू पाहिले होतेस, त्यासाठी काय करावे हे ठरवले होतेस आणि ते हाताला साधले. संपूर्ण चित्राला कला म्हणावे की म्हणू नये, यावर मी एक शब्दही खर्च करणार नाही. त्या जागी ती आहे, पाण्यात नाही, आणि या दोन गोष्टींतले अंतर तुला स्वतःला ओळखता येणे हेच तुझ्या तिसऱ्या वर्षाचे खरे शिक्षण आहे.

दुकानातला बोर्ड तू ‘फक्त माहितीसाठी’ म्हणून पाठवला आहेस. फुटबॉल जिंकलेल्या एका तालमीच्या संघाचे अभिनंदन. नेत्याचा मोठा चेहरा, खाली कार्यकर्त्यांच्या फोटोंच्या ओळी, मागे स्टेडियमचा प्रकाशझोत. यात तुझे फारसे काही नाही, गिऱ्हाइकाने सांगितले तसे बसवलेले आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु ‘अभिनंदन’ हा शब्द तू संगणकाच्या फॉन्टमधून घेतलेला नाहीस. तो फ्लॅट ब्रशने कागदावर लिहून, स्कॅन करून चढवला आहेस. ‘भ’च्या वळणावर ब्रशचा कोन फिरतो आणि जाड रेघ पातळ होत जाते, शिरोरेखा ‘भि’नंतर किंचित तुटते आणि ‘नं’पासून पुन्हा पकड घेते, त्यामुळे सारा शब्द डावीकडून उजवीकडे पळतो आहे असे वाटते. विजयाच्या बोर्डावर तो शब्द असाच पळायला हवा. पत्रात तू लिहितेस की दुकानातले काम नक्कीच कला नाही. मला त्या शब्दात तुझ्या घाटाच्या आकाशापेक्षा जास्त कला दिसते.

तिसऱ्या कामाबद्दल, त्या अमूर्त रचनेबद्दल, मी फार लिहीत नाही. त्यात काही चूक नाही, पण एकही निर्णय तुझा वाटत नाही. ‘कला दिसावी’ म्हणून केलेल्या कामाचे बहुतेक वेळा असेच होते.

तू ज्या गावात राहतेस तिथे हा प्रश्न पूर्वीच्या लोकांनी कसा सोडवला, तेही पाहा. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांना सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. आनंदराव पेंटर यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. नाटकाचा पडदा म्हणजे मागणीबरहुकूम केलेले काम. राजवाडा हवा तर राजवाडा, अरण्य हवे तर अरण्य. पुढे दोघांना सिनेमाचा ध्यास लागला, १९१६ मध्ये आनंदराव वारले, आणि बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडवून पुरा केला. त्याच्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. आपल्या चित्रपटांची पोस्टरही त्यांनी रंगवली. जी. कांबळे यांचा तर सिनेमाची पोस्टर रंगवणे हाच व्यवसाय होता, आणि त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पुढे शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. ही नावे मी तुझी समजूत घालण्यासाठी घेत नाही. बाबूराव पडदे रंगवत म्हणून फ्लेक्सचा प्रत्येक बोर्ड थोर ठरत नाही. त्या माणसांच्या कामात गिऱ्हाइकाची मागणी आणि स्वतःचा निर्णय एकत्र नांदत होते, आणि मागणी आहे म्हणून त्यांनी निर्णय घेणे सोडले नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला अनेक वर्षे सलते आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, उसाच्या ट्रॉल्या, तालमींच्या भिंती यांवर ब्रशने अक्षरे लिहिणारे पेंटर कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव होते. प्रत्येकाचे ‘श्री’ वेगळे असायचे. फ्लेक्स आला आणि त्यांतले बहुतेक जण घरी बसले. ज्या यंत्राने त्यांचे काम घेतले त्याच्याच पुढ्यात तू रोज संध्याकाळी बसतेस, म्हणून हे तुला सांगावेसे वाटते. तुझ्या पेठेत असा एखादा म्हातारा पेंटर नक्की असेल. त्याला भेट, त्याच्याकडून सुताने ओळ आखणे, फ्लॅट ब्रश न उचलता काना उतरवणे, दोन अक्षरांमधली जागा नजरेने मोजणे हे शिकून घे. हे ज्ञान पुस्तकात नाही आणि ती माणसे आहेत तोवरच ते मिळणार आहे.

मशीनबद्दल थोडक्यात सांगते. मशीनने चित्र तयार केले तरी घाटाच्या त्या पायरीवर उभे राहून पाणी कुठपर्यंत आले होते हे तू पाहिलेस, ते न पाहिलेले होत नाही. चित्रे स्वस्त होतील, बोर्डांचे दर पडतील, हा पोटाचा प्रश्न खरा आहे आणि त्याची काळजी करणे रास्त आहे. त्याने व्याख्येचा प्रश्न मात्र अधिक अवघड होत नाही.

आता ती दोन पाने. व्याख्येने सुरुवात करू नकोस. घाटाचे चित्र आणि ‘अभिनंदन’ हा शब्द समोर ठेव आणि दोन्हींत कोणता निर्णय कुणाचा होता, ते लिही: काय पाहिले, काय सवयीने आले, काय गिऱ्हाइकाने सांगितले, काय हाताला जमले नाही. ब्रांकुशींचा खटला हवा असेल तर घे, मूत्रपात्राचे प्रकरणही घे, पण तुझ्या कामाच्या बाजूने घे. आपला निर्णय कशात आहे, हा प्रश्न तिथेही लागू पडतो. शेवटी व्याख्या सुचली तर लिही, नाही सुचली तर ‘माझ्याकडे अजून व्याख्या नाही, एवढी निरीक्षणे आहेत’ असे स्पष्ट लिही. सर कोणीही असोत, उतरवून आणलेल्या दहा व्याख्यांपेक्षा हे वाचायला त्यांना आवडेल.

लिहिण्याआधी टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात एक दुपार घालव. कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची चित्रे तिथे पाहायला मिळतात. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्तीही पाहा. रोमन जगातून व्यापाराच्या वाटेने ती पंचगंगेच्या काठी आली. घडवणाऱ्याच्या लेखी तो समुद्राचा देव होता. आज आपण तिला काचेमागे कलावस्तू म्हणून ठेवतो. मूर्ती तीच आहे, तिला लावलेली चिठ्ठी बदलली. आबालाल रहिमान यांच्याविषयीही वाच. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार शाहू महाराजांच्या दरबारी होता आणि त्याने रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तूही पुढचे काही रविवार फक्त पाणी रंगव. दीपमाळ नको, पूल नको, आकाश नको; लहान कागदावर पायरीला लागलेले हातभर पाणी. उजेड वर येईल तसा रंग कसा बदलतो, याची नोंद कागदाच्या मागे शब्दांत कर.

दुकानाबद्दल तुझे वडील म्हणतात त्यात तथ्य आहे. फी आणि रंगांचा खर्च त्यातून निघतो, आणि कागद परवडत नाही म्हणून हात आखडणारी विद्यार्थिनी मोकळेपणी शिकू शकत नाही. म्हणून शेवटचे वर्ष आहे एवढ्या कारणासाठी दुकान सोडू नकोस. मालकांशी मात्र दोन गोष्टी बोलून घे. रविवार सकाळ त्यांनी कोणत्याही निवडणुकीत, कोणत्याही जयंतीत मागायची नाही, हे पहिले. दुसरे, ज्या गिऱ्हाइकाला चालेल त्याच्या बोर्डावरची मुख्य अक्षरे तू हाताने लिहून देशील आणि त्याचे वेगळे पैसे लावले जातील. पहिल्या दोन-चार गिऱ्हाइकांना तो फरक दाखवावा लागेल. त्यासाठी ‘अभिनंदन’चा मूळ कागद जपून ठेवला असशील तर तोच घेऊन जा. परीक्षेच्या आधीचा महिना सुट्टी हवी, हेही आत्ताच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी त्यांची अडचण होणार नाही आणि परीक्षा झाल्यावर तुझी जागा तुला परत मिळेल.